भंगारातील सोने आणि मोरीतले तेजाब

दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या पलीकडे गेल्यापासून, ज्या वस्तूंकडे एरवी कोणी ढुंकूनही पाहिले नसते त्या वस्तूंत सोने आहे ही वार्ता घरोघर पोहोचली आहे; आणि वार्ता खरी असल्यामुळे तिचा मोहही तितकाच खरा आहे. बंद पडलेला मोबाइल, मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला आणि ती मुले मिळवती झाल्यावर माळ्यावर गेलेला संगणक, दूरचित्रवाणी संचाचा जुना डबा, या सर्वांच्या पोटातील हिरव्या फळ्यांवर, विशेषतः जेथे एक भाग दुसऱ्यात खोचला जातो तेथे, सोन्याचा मुलामा दिलेला असतो. सोने गंजत नाही आणि विजेला अडवीत नाही, एवढेच त्याचे कारण. तो मुलामा उतरवून घेता येतो, आणि त्यासाठी लागणारी रसायनविद्या काही गुप्त नाही. सबब, टपाल तिकिटे आणि जुनी नाणी जमविणाऱ्या छांदिष्टांच्या पंगतीला आता भंगारातून सोने काढणारा एक नवा छांदिष्ट येऊन बसला आहे. त्याला हुसकून लावावे असे मला वाटत नाही. परंतु त्याच्या छंदाचे दोन भाग आहेत, त्यांपैकी एक घरात शोभतो आणि दुसरा शोभत नाही, आणि या दोहोंमधील रेषा आज कोणीच स्पष्टपणे आखून दिलेली नाही, हे मात्र सांगितले पाहिजे.

टाकाऊतून सोने वेचण्याचा उद्योग आपल्या पेठांना अपरिचित नव्हता. सराफकट्ट्यावरील केर, भट्टीची राख आणि दुकानांपुढील गटारातला गाळ घेऊन, तो पाण्याने धूत, पाखडीत आणि निवळीत त्यातील सोन्यारुप्याचे कण वेगळे करणारे झारेकरी हा महाराष्ट्रातील एक मान्य धंदा होता. झारेकऱ्याला दोन गोष्टी ठाऊक असत: कोणत्या दुकानाच्या केरात कण आहे आणि कोणत्या केरात नुसतीच धूळ आहे. त्याची सारी कमाई या निवडीवर अवलंबून असे. आजच्या छांदिष्टाला हाच धडा प्रथम घ्यावा लागतो, आणि तो न घेतल्यामुळेच बहुतेकांची निराशा होते.

कारण या विषयातील आकडे जितके खरे तितकेच फसवे आहेत. एका मोबाइलमध्ये सरासरी चौतीस मिलिग्रॅमच्या आसपास सोने असते असा एक सर्वमान्य अंदाज आहे, आणि बॅटरी काढलेल्या एक टन मोबाइलांत तीनशे ग्रॅमच्या वर सोने निघते. उलट खाणीतील खनिजात टनामागे पाच ग्रॅम सोने असले तरी ती खाण चांगली समजली जाते. शंभराहून अधिक वर्षे चाललेली आपली कोलारची खाण 2001 साली बंद करावी लागली, ती काही सोने समूळ संपले म्हणून नव्हे, तर मैलोगणती खोल जाऊन ते वर काढण्याचा खर्च त्याच्या मोलाला झेपेना म्हणून. यावरून, आपल्या शहरांतील भंगार ही कोलारपेक्षा श्रीमंत खाण आहे, असा निष्कर्ष व्याख्यानांतून आणि लेखांतून मोठ्या उत्साहाने काढला जातो.

पण या निष्कर्षाच्या शेजारी दुसरा एक हिशेब ठेवून पाहावा. टोकिओच्या ऑलिंपिकसाठी पदकांचा सर्व धातू जुन्या उपकरणांतून मिळवावयाचा, असा संकल्प जपानने केला आणि तो तडीस नेला. एप्रिल 2017 ते मार्च 2019 या दोन वर्षांत नगरपालिकांच्या द्वारे 78,985 टन लहान उपकरणे गोळा झाली, त्यांच्या जोडीला सुमारे 62 लाख मोबाइल आले, आणि त्यातून पदकांसाठी 32 किलो सोने, 3,500 किलो चांदी व 2,200 किलो कांस्य उपलब्ध झाले. या 32 किलोंना त्या टनांनी सरसकट भागले, तर टनामागे अर्धा ग्रॅमदेखील पडत नाही. हा भागाकार स्थूल आहे हे मान्य. तथापि, भंगाराच्या सबंध ढिगात प्लास्टिक, लोखंड, पंखे आणि दोऱ्यांसारख्या तारा यांचाच भरणा असतो आणि सोने फारच थोड्या जागी दडलेले असते, एवढे त्यावरून निर्विवाद सिद्ध होते. (त्या स्पर्धेतील सुवर्णपदकसुद्धा चांदीचेच होते, वर सुमारे सहा ग्रॅम सोन्याचा मुलामा, ही गंमत जाता जाता नमूद करण्याजोगी आहे.) ढीग श्रीमंत नसतो, ढिगातून निवडलेली मूठ श्रीमंत असते.

ती मूठही किती श्रीमंत, हे एका वस्तूपुरते मोजून पाहू. काही वर्षांपूर्वीच्या संगणकांतील रॅमची पट्टी हातात घेतली, तर तिच्या एका काठावर, दोन्ही बाजू मिळून, 240 लहान सोनेरी पट्ट्या दिसतात. प्रत्येकीचे क्षेत्रफळ फार तर दोन चौरस मिलिमीटर. म्हणजे सर्व मिळून पाच चौरस सेंटिमीटरही नाही. मुलाम्याची जाडी, माल उत्तम असेल तर, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा पाऊण हिस्सा. सोने पाण्याच्या 19.3 पट जड आहे हे धरून गुणाकार केला की उत्तर येते सात मिलिग्रॅम, जुन्या मापात सांगायचे तर गुंजेचा सतरावा हिस्सा. लाखाच्या भावाने त्याचे मोल सत्तर रुपये होते. एक ग्रॅम सोन्यासाठी रॅमच्या अशा सुमारे दीडशे पट्ट्या हव्यात, आणि हा हिशेबही उदार हाताने केलेला आहे, कारण पुष्कळ पट्ट्यांवरील मुलामा याहून पातळ असतो. तीच पट्टी चालू स्थितीत असेल, तर जुन्या संगणकांच्या बाजारात तिला सोन्याच्या किमतीपेक्षा अधिक मोबदला मिळतो. म्हणून ज्याला हा छंद खरोखर कळला आहे तो कात्री उचलण्यापूर्वी पट्टी चालते की नाही हे पाहतो. सारांश, श्रीमंत होण्याच्या इराद्याने या मार्गाला लागलेल्या इसमाने आताच परत फिरावे. उरतो तो छंद. आणि छंदाचा न्याय नफ्यातोट्यावर होत नसतो.

या छंदाचा पहिला भाग मला मनापासून आवडतो. एखादे यंत्र स्क्रूने स्क्रू उकलणे, लोखंड लोहचुंबकाला लावून बाजूला काढणे, ॲल्युमिनियमचे उष्णताशोषक निराळे ठेवणे, तांब्याच्या तारा निराळ्या, बॅटरी तत्काळ आणि न दाबता न भोसकता निराळी, जुन्या सपाट पडद्यांमागील पारा असलेल्या काचेच्या बारीक नळ्यांना हातही न लावणे, आणि मग उरलेल्या हिरव्या फळ्यांवर कोठे खरा मुलामा आहे, कोठे नुसते पितळ चमकते आहे आणि कोठे कथलाचा राखी थर आहे हे भिंगातून ओळखणे, यात बुद्धीला आणि बोटांना जो व्यायाम घडतो तो शाळेतील पुष्कळशा प्रात्यक्षिकांत घडत नाही. सोनेरी काठ तेवढा पत्रा कापण्याच्या कात्रीने सरळ रेषेत कापून घेतला आणि बाकीची फळी जशीच्या तशी ठेवली, की मूळ वस्तूच्या वजनाच्या मानाने अत्यंत थोड्या तुकड्यांत तिचे पुष्कळसे दृश्य सोने गोळा होते. खिडक्या उघड्या ठेवाव्या, फळी कापताना उडणारी काचतंतूंची भुकटी नाकात जाऊ नये म्हणून मुखपट्टी बांधावी, डोळ्यांना चष्मा असावा, काम संपल्यावर हात साबणाने धुवावे, कारण जुन्या डाखात शिसे असते. आणि कोणत्याही सबबीवर फळी जाळू नये, कारण तिच्यातील ज्वलनरोधक रसायने जळताना अत्यंत विषारी वायू देतात. एवढी पथ्ये पाळली, तर हा भाग घरातल्या टेबलावर, मुलाबाळांच्या देखत, निर्धास्तपणे व्हावा.

दुसरा भाग रसायनांचा. तो अद्भुत आहे हे नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. कापलेले काठ काचेच्या भांड्यात घालून त्यांवर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले, म्हणजे ते मिश्रण सोन्याला हात न लावता त्याच्याखालचे तांबे खाऊ लागते. द्राव पाचूसारखा हिरवा होतो, आणि काही दिवसांनी आधार नाहीसा झालेला मुलामा पापुद्र्यापापुद्र्याने सुटून त्यात तरंगू लागतो. हे पापुद्रे गाळून आणि धुऊन तीन भाग हायड्रोक्लोरिक व एक भाग नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात, म्हणजे रसायनशास्त्र्यांच्या अम्लराजात, टाकले की सोने विरघळून द्राव पिवळा होतो. आणि त्यात, पूर्वी शाई करण्यासाठी वापरीत त्या हिराकशीचा द्राव घातला की तेच सोने पुन्हा घनरूप होऊन तळाशी बसू लागते. पण ते कसे? चमकदार नव्हे, तर तपकिरी चिखलासारखे, नवख्याला फेकून द्यावेसे वाटेल असे. तो चिखल धुऊन, वाळवून, मुशीत टाकणखाराबरोबर 1064 अंशांच्या वर तापविला, की तेव्हा कोठे पिवळा मणी दिसतो. सी. एम. होक यांनी 1940 साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध केलेले जवाहिऱ्यांच्या धातुशुद्धीविषयीचे पुस्तक आजही या छांदिष्टांत प्रमाण मानले जाते. आणि त्यातील सर्वांत शहाणपणाची शिकवण अशी, की स्वतःच्या मालाला हात घालण्यापूर्वी शुद्ध धातूच्या लहान तुकड्यांवर लहान प्रयोग करून प्रत्येक धातूची द्रावातील वागणूक ओळखून घ्यावी. हा ग्रंथ कारखानदारांना आणि सुवर्णकारांना उद्देशून लिहिलेला होता, दोन खोल्यांच्या सदनिकेतील गॅलरीला उद्देशून नव्हे, हे मात्र त्याचे आजचे वाचक विसरतात.

कारण याच प्रक्रियेची दुसरी बाजू अशी आहे. नायट्रिक आम्ल धातूवर पडताच लालसर तपकिरी धूर निघतो. तो श्वासात गेला तर त्या क्षणी थोडा खोकला येऊन माणूस बरा वाटतो, आणि कित्येक तासांनंतर, कदाचित झोपेत, फुप्फुसांत पाणी भरू लागते. कापडी मुखपट्टीने कोणताही वायू अडत नाही. नायट्रिक मिळत नाही म्हणून कपडे शुभ्र करण्याचे ब्लीच आम्लात ओतण्याची युक्ती एकमेकांना सांगितली जाते. त्यातून निघतो तो क्लोरिन, ज्याचा प्रयोग पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांवर झाला. सोन्याच्या द्रावात अमोनिया गेला आणि त्यातून बसलेला साका वाळला, तर किंचित घर्षणाने स्फोट होणारे संयुग तयार होते. आणि हे काहीही न घडता सर्व सुरळीत पार पडले, तरी हायड्रोक्लोरिकची वाफ खोलीतील प्रत्येक कडीकोयंड्याला, शिवणयंत्राला आणि शेजाऱ्याच्या खिडकीच्या गजांना गंज चढवीत राहतेच. प्रयोगशाळेत ज्या बंद कपाटात ही कामे करतात, त्या फ्यूम हूडमधील हवा शक्तिमान पंख्याने ओढून इमारतीच्या छपरावर नेलेली असते. स्वयंपाकघरातील धूर बाहेर टाकणारा पंखा तिची जागा घेऊ शकत नाही.

तथापि, छांदिष्टाच्या स्वतःच्या जिवाला असलेला धोका हा माझा मुख्य मुद्दा नव्हे. प्रौढ माणसाने स्वतःच्या जोखमीने काय करावे हा अखेर त्याचा प्रश्न आहे. माझा प्रश्न त्या हिरव्या द्रावाचा आहे. सोने निघाल्यानंतर भांड्यात जे राहते त्यात तांबे, निकेल, कथील, कधी शिसे आणि वर आम्ल असते, आणि एक मिलिग्रॅम सोन्यामागे या इतर धातूंचे वजन कित्येक पटींनी अधिक असते. विरघळलेले तांबे जलचरांना अत्यंत घातक आहे, आणि मैला शुद्ध करणाऱ्या केंद्रांतील उपकारक जिवाणूही त्याने मरतात. हा द्राव मोरीत ओतण्यास अर्धे मिनिट लागते. तो निस्तरण्यास मात्र त्यात लोखंडाचे तुकडे टाकून तांबे खाली बसवावे लागते, मग अल्क घालून आम्लता मारून उरलेल्या धातूंचा साका करावा लागतो, तो गाळून वाळवावा लागतो, आणि इतके करूनही तो साका घातक कचराच असल्यामुळे तो तळोजे, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील घातक कचऱ्याच्या केंद्रांसारख्या ठिकाणी जाणे आवश्यक असते. मणी निघाल्याचा आनंद सर्वजण मित्रमंडळींना दाखवितात. द्रावाचे पुढे काय झाले, हे विचारले की संभाषण दुसरीकडे वळते. सत्तर रुपयांचे सोने आपण घेतले आणि त्याचा खर्च नदीच्या खात्यावर टाकला, तर तो छंद नव्हे, उधळपट्टी आहे, आणि तीही दुसऱ्याच्या पैशाने केलेली.

यावर एक आक्षेप येतो, तो विचारार्ह आहे. आमचे सुवर्णकार पिढ्यान्‌पिढ्या तेजाब वापरीत आले, आणि गोरगरीब कारागीर तर हेच काम उघड्यावर करतात, मग एका जिज्ञासू पदवीधरालाच अडविण्याचे कारण काय? उत्तर असे, की या दोन्ही दाखल्यांतून उलटाच बोध होतो. मुंबईतील काळबादेवी आणि झवेरी बाजाराच्या परिसरात सोने गाळणाऱ्यांच्या धुराड्यांविरुद्ध रहिवाशांच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू आहेत, म्हणजे परंपरेने धूर निरुपद्रवी झाला नाही. उत्तर प्रदेशात मुरादाबादला रामगंगेच्या काठी फळ्या जाळून आणि आम्लात बुचकळून धातू काढण्याचा धंदा फोफावला, तेव्हा नदीकाठी काळ्या राखेचे ढीग साचले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. ते कारागीर पोटासाठी हे करीत होते; त्यांच्यापुढे पर्याय नव्हता. ज्याच्यापुढे पर्याय आहे त्याने त्यांचा हवाला देऊ नये.

कायद्याची भूमिकाही या रेषेच्या आसपासच आहे, जरी ती छांदिष्टाला उद्देशून लिहिलेली नाही. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आले. पुनर्चक्रणाचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे, आणि उत्पादकांवरील जबाबदारीचा हिशेब ज्या धातूंच्या आधारे होतो त्यांत लोखंड, तांबे व ॲल्युमिनियम यांच्याबरोबर सोन्याचाही समावेश आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली दिलेल्या आदेशानुसार तेजाबाच्या किरकोळ विक्रीवरही निर्बंध आले: ओळखपत्र, पत्ता आणि खरेदीचे कारण यांची नोंद झाल्यावाचून विक्री नाही, आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस तर मुळीच नाही. हे निर्बंध आम्लहल्ल्यांसाठी आहेत हे खरे. पण एखाद्या सोळा वर्षांच्या हुशार मुलाने गॅलरीत अम्लराज तयार करावे, ही गोष्ट त्या आदेशाच्या अक्षरातही बसत नाही आणि हेतूतही बसत नाही.

मग छंदाचा दुसरा भाग बंदच करावा काय? नाही, त्याची जागा बदलावी. माझी तजवीज साधी आहे. रसायनशास्त्राचा विभाग असलेल्या महाविद्यालयांनी आणि शासकीय तंत्रनिकेतनांनी महिन्यातील एखादा रविवार बाहेरच्या छांदिष्टांसाठी खुला ठेवावा. फ्यूम हूड त्यांच्याकडे असते, देखरेखीला शिक्षक असतात, आणि घातक कचऱ्याची विल्हेवाट ही त्यांची एरवीचीच जबाबदारी असते. माफक शुल्क घ्यावे, नाव-पत्ता वहीत नोंदवावा, प्रत्येकाने आणलेल्या तुकड्यांचे वजन आणि शेवटी उरलेल्या साक्याचे वजन शेजारीशेजारी लिहून ठेवावे, म्हणजे सोने किती निघाले याबरोबर कचरा किती झाला हेही त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. दुसरी गोष्ट नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यांची. त्यांचा सारा कारभार टनांच्या हिशेबाने चालतो. पण निवडून, कापून, स्वच्छ केलेले सोनेरी काठ किलोभर जरी कोणी आणले, तरी ते वजन करून, प्रकारवार ठरलेल्या जाहीर दराने, पावती देऊन विकत घेण्याची सोय त्यांनी शहराशहरांत करावी, आणि महापालिकांनी आपल्या प्रभाग कार्यालयांत त्यासाठी जागा द्यावी. अशी सोय झाली तर नुसत्या छांदिष्टाचाच नव्हे, दारोदार फिरणाऱ्या भंगारवाल्याचाही फायदा होईल. कारण नेमकी निवड करणे त्याला कोणापेक्षाही चांगले येते, आणि आज तिचा योग्य मोबदला त्याला मिळत नाही.

जगातील प्रगत उद्योगही निवडीलाच प्राधान्य देतो. ब्रिटनच्या शाही टांकसाळीने वेल्समध्ये लँट्रिसंट येथे 2024 साली जो कारखाना सुरू केला, तेथे वर्षाकाठी चार हजार टनांपर्यंत फळ्या हाताळण्याची व्यवस्था आहे. आणि तेथेही फळ्यांवरील भाग आधी सोडवून, वेगवेगळे करून, त्यांतील सोने असलेले तेवढेच रसायनाच्या हवाली केले जातात. ज्या कामात टांकसाळीलाही आधी निवड आणि मग रसायन हा क्रम सोडता येत नाही, त्या कामात हौशी माणसाने पहिला भाग उत्तम करावा आणि दुसऱ्यासाठी योग्य जागेची वाट पाहावी, यात कमीपणा कसला?

आणि वाट पाहण्यात तोटाही नाही, कारण सोन्याइतका सहनशील धातू दुसरा नाही. 1940 साली जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरले तेव्हा, नील्स बोर यांच्या संस्थेत ठेवलेली माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक यांची नोबेल पदके शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून, जॉर्ज द हेवेशी यांनी ती अम्लराजात विरघळवून तो द्राव फडताळावर ठेवून दिला. युद्ध संपल्यावर द्राव जागच्या जागी होता. त्यातील सोने पुन्हा मिळविण्यात आले आणि नोबेल प्रतिष्ठानने त्याची पदके नव्याने घडविली. इतकी वर्षे आम्लात राहूनही ज्याचे काही बिघडले नाही, ते डब्यातील कापलेल्या काठांवर आणखी वर्ष-दोन वर्षे बसून राहिल्याने काय बिघडणार?

तेव्हा ज्याला या छंदाची ओढ आहे त्याने आज सुरुवात करावी, पण स्क्रूपान्यापासून. घरातील आणि नातलगांची बंद उपकरणे उकलावी, प्रकारवार डबे करावे, डब्यांवर वजन लिहावे, बॅटऱ्या आणि उरलेल्या फळ्या नोंदणीकृत संकलन केंद्राकडे पोहोचत्या करून पावती घ्यावी, सोनेरी काठ जपून ठेवावे, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना एक अर्ज लिहावा. असे दहा अर्ज एकाच टेबलावर आले, तर त्या रविवारची व्यवस्था होण्यास शासनाच्या कोणत्याही नव्या परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही.